हुकमामागचं कारण

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नकोस. फोडणी पार गार झाल्याखेरीज लोणच्यावर ओतू नकोस. डाळ शिजल्याशिवाय चिंच टाकू नकोस. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवू नकोस. वापरून झाली की विळी पाडून ठेव. कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकणाला हात लावू नकोस. शेगडीपाशी जाताना पदर खोचून घे.

मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या कानांत ही वाक्यं इतकी मुरलेली असतात की ती पहिल्यांदा कोणी सांगितली हेही आठवत नाही. सगळे हुकूम, आणि त्यांतल्या एकाहीमागे कारण दिलेलं नाही. मला लहानपणापासून त्या कारणांची ओढ होती. ‘का?’ असं विचारलं की आजी म्हणे, ‘सांगितलं तेवढं ऐक. कळेल मोठी झालीस की.’ मोठी झाल्यावर आपोआप काही कळलं नाही, शोधावं लागलं. पण एकेक कारण हाती लागत गेलं तसतशी त्या हुकमांवरची माझी माया वाढत गेली. त्यांतले बहुतेक सारे खरे होते. कोणी तरी पिढ्यान्‌पिढ्या नीट पाहिलं होतं, चाखलं होतं, काय नासतं आणि काय टिकतं याची मनात नोंद ठेवली होती. मागे राहिलं होतं ते फक्त निष्कर्षाचं वाक्य.

ते तसं का राहिलं, हेही समजण्यासारखं आहे. एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात शिकवणारी आणि शिकणारी एकाच वेळी हजर असत. मोहरी तडतडायच्या आत नव्या सुनेचा हात हळदीकडे गेला की मागून ‘थांब’ असा आवाज येई. चूक घडण्याआधीच अडवली जाई, तेव्हा कारणाचं काम तो आवाजच करी. शिवाय दोन्ही वेळा मोठी पंगत उठवणाऱ्या बाईपाशी कारणं सांगत बसायला सवड कुठली? आज शिकणारा एकटा असतो. तो पुण्यात भाड्याच्या खोलीत असतो, बंगळुरूला असतो, डब्लिनला असतो. मुलींइतकेच मुलगेही आता करून खातात, आणि त्यांतले पुष्कळ जण घरी असताना ओट्याकडे फिरकलेलेही नसतात. व्हिडिओ कॉलवर आई दिसते, पण तेलाचा वास तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पाठीशी उभं राहणारं माणूस नाही म्हटल्यावर त्याच्या जागी कारण उभं करावं लागतं. स्वयंपाकाचं शहाणपण पुढे द्यायचं असेल तर आता ते कारणासकट द्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कैरीच्या लोणच्यापासूनच सुरुवात करते, कारण इतकी कारणं एकाच बरणीत भरलेली दुसरीकडे सापडत नाहीत. वळवाचा पाऊस पडायच्या आत कोय धरलेल्या, करकरीत कैऱ्या आणायच्या. धुऊन, पुसून, कोरड्या करून फोडायच्या. चार वाट्या फोडींना पाऊण ते एक वाटी मीठ, तेही भाजून घेतलेलं. मोहरीची डाळ, तळून कुटलेली मेथी, हळद, हिंग, तिखट. वरून तेल, इतकं की फोडी बुडाल्या पाहिजेत. यातली प्रत्येक गोष्ट पाण्याशी चाललेल्या झुंजीचा भाग आहे. जंतूंना आणि बुरशीला जगायला पाणी लागतं. मीठ फोडींमधलं पाणी बाहेर ओढतं आणि आपल्याशी बांधून ठेवतं. ते तिथे असूनही जंतूंच्या उपयोगी पडत नाही. तेलाचा थर हवा अडवतो, आणि हवेशिवाय बुरशी वाढत नाही. ओल्या चमच्याबरोबर आत जाणारे चार थेंब हा बेत एका जागी मोडतात. त्या थेंबांपाशी मीठ पातळ होतं, आणि बुरशी धरायला तेवढी जागा पुरते.

गार फोडणीचं कारण तर याहून सुंदर आहे. अख्ख्या मोहरीच्या दाण्याला झोंब नसते. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात: एक झोंब नसलेला पदार्थ आणि दुसरं त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम. दाणा भरडला आणि त्याला पाणी लागलं की दोन्ही एकत्र येतात आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. रायत्यासाठी मोहरी गार पाण्यात फेसतात ती याचसाठी. लोणच्यात कैरीला सुटलेलं पाणी हे काम करतं. कडकडीत तेल मोहरीच्या डाळीवर ओतलं तर ते विकर तापून निकामी होतं आणि लोणच्याला चढायचा झणका चढतच नाही. हा झणका केवळ चवीपुरता नसतो. तो बुरशी आणि जंतूंनाही रोखतो. गरम फोडणीत हिंग-हळदीचा स्वाद तेलात उतरवून घ्यायचा आणि मग ते तेल गार करून मोहरीला जपायचं, ही दोन टोकं ज्यांनी एका कृतीत बसवली त्यांना विकराचं नाव ठाऊक नव्हतं. त्यांची जीभ आणि त्यांचं लक्ष मात्र फार तल्लख होतं.

या बरणीत आणखी एक राखणदार आहे आणि त्याच्याविषयी घरात सहसा कोणी बोलत नाही. तो म्हणजे कैरीचा आंबटपणा. ‘तेलात बुडालं की टिकतं’ एवढंच वाक्य ज्याच्या हाती आलं, त्याला वाटतं की तेलात काहीही टिकेल. मग तो सोललेला लसूण ऑलिव्ह तेलात बुडवून सुंदर बाटलीत भरतो आणि ओट्यावर ठेवतो. हे खरोखर धोक्याचं आहे. लसूण मातीतला, आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. या जंतूला हवा नकोच असते. तेलाखाली, आंबट नसलेल्या ओल्या लसणावर, उबदार स्वयंपाकघरात त्याला हवं ते सारं मिळतं. त्याचं विष मज्जातंतूंवर जातं, माणूस लुळा पडू शकतो, श्वास थांबू शकतो. आणि पदार्थाला वास किंवा रंग यांवरून काही कळेलच असं नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहातल्या तेलात ठेवलेल्या लसणामुळे अनेक जणांना अशी विषबाधा झाली होती. पीएच ४.६ च्या खाली असलेल्या आंबटात हा जंतू वाढत नाही. कैरी आणि लिंबू त्याच्या पुष्कळ खाली असतात. म्हणून आपल्याकडे लसणाचं लोणचं लिंबाच्या रसात घालतात, आणि म्हणूनच लसूण घातलेलं साधं तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवायचं. ओल्या मिरचीचा, लसणाचा ठेचाही फ्रिजमध्येच बरा. रक्तदाबामुळे मीठ कमी करून घातलेल्या लोणच्याचंही तेच. मीठ काढलं म्हणजे एक राखणदार काढला, त्याच्या जागी थंडावा ठेवायला हवा. हुकूम माहीत असलेला माणूस आजीचं लोणचं घालू शकतो. कारण माहीत असलेला त्यात बदलही करू शकतो आणि घरातल्यांना सुखरूपही ठेवू शकतो.

आंबटाची हीच ताकद आमटीत उलट्या बाजूने भेटते. तुरीच्या डाळीच्या पेशी ज्या पदार्थांनी एकमेकींना चिकटलेल्या असतात, ते पाण्यात उकळून विरघळले की डाळ मऊ होते. आंबट घातलं की ते विरघळायला तयार होत नाहीत. म्हणून आधी डाळ शिजवून, घोटून घ्यायची, मग चिंचेचा कोळ आणि गूळ. चिंचेच्या जागी टोमॅटो आला, हुकूम चिंचेपुरताच लक्षात राहिला, आणि उघड्या पातेल्यात टोमॅटोसकट शिजत टाकलेली डाळ तासाभराने तशीच कणीदार का, याचं उत्तर कोणाला सापडेना. बोअरच्या जड पाण्यातही डाळ अशीच हट्ट करते, कारण त्यातलं कॅल्शियम पेशींची चिकटण आणखी घट्ट करतं. त्यावर चिमूटभर सोडा घालायची जुनी युक्ती लागू पडते. पण सोड्याने डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं, तेव्हा गोडं पाणी मिळत असेल तर त्यातच शिजवावी. छोले, राजमा रात्रभर भिजवण्याला वेळेच्या बचतीपलीकडेही अर्थ आहे. राजम्यात एक असा पदार्थ असतो की अर्धवट शिजलेले थोडे दाणेही उलट्या-जुलाब घडवतात. भिजवलेलं पाणी टाकून, चांगली खळखळून उकळी देऊन किंवा कुकरमध्ये पुरता शिजवलेला राजमा निर्धास्त खावा. मंद आचेवर, उकळी न येता दिवसभर कोमट शिजत ठेवलेला मात्र खाऊ नये.

फोडणीचा क्रम मी मुलांना सगळ्यात आधी शिकवते, कारण मराठी स्वयंपाक तिथून सुरू होतो. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की जिरं, मग हिंग, मग हळद, शेवटी तिखट, आणि लगेच भाजी किंवा पाणी. मोहरीच्या दाण्यात ओल असते. तिची वाफ होऊन दाणा फुटतो, आणि तेल पुरेसं तापल्याची ती खूण असते. इथे तीच मोहरी खमंग लागते आणि झणका मुळीच देत नाही, कारण लोणच्यात जे विकर जपलं ते इथे तेलात मरतं. हळद-तिखट म्हणजे पूड. ती काही सेकंदांत करपते. म्हणून ती शेवटी, आच कमी करून घालायची. हळदीचा रंग, मिरचीचा तिखटपणा, हिंगाचा वास हे सारं पाण्यापेक्षा तेलात चांगलं उतरतं. फोडणीचा सगळा खटाटोप त्यासाठी आहे. तिखट लागल्यावर पाणी पिऊन भागत नाही आणि दुधाने किंवा दह्याने बरं वाटतं, त्याचंही मूळ इथेच आहे.

हिंगाविषयी थोडं जास्त सांगते. आपल्या आमटीत रोज पडणारा हा डिंक शतकानुशतकं अफगाणिस्तान, इराण या बाजूंनी येत आला. त्याचं झाड थंड, कोरड्या डोंगरावरचं. भारतात त्याची लागवड करण्याच्या पद्धतशीर प्रयत्नाची सुरुवात २०२० च्या ऑक्टोबरमध्ये झाली. पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात रोपं लावली. शुद्ध हिंग इतका उग्र की तो पिठात आणि डिंकात मिसळूनच विकतात. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. घरात कोणाला गव्हातल्या ग्लूटेनचा त्रास असेल तर ज्वारी-बाजरीची भाकरी करून भागत नाही, फोडणीतल्या हिंगाच्या डबीवरची घटकांची यादीही वाचायला हवी.

पितळेचं पातेलं आता पुन्हा घराघरांत येऊ लागलं आहे. लोक ते हौसेने विकत घेतात, त्याला चिंचेने घासून लखलखीत ठेवतात, आणि पाहुण्यांसाठी त्यात कढी करतात. माझ्या लहानपणी दारावर कल्हईवाला येई. भात्याने निखारे फुलवायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकून कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात आतला पिवळा रंग चांदीसारखा करून टाकायचा. आम्ही मुलं ते बघायला गोळा होत असू. तो दिसेनासा झाला आणि त्याच्या कामाचं कारणही विस्मृतीत गेलं. ताक, कढी, चिंच, टोमॅटो, लिंबू यांचं आम्ल पितळेतलं तांबं सोडवून घेतं. पदार्थ कळकतो, हिरवट कडू होतो, आणि तांबं जास्त प्रमाणात पोटात गेलं की मळमळ, उलट्या होतात. कथलाचा थर तांबं आणि आंबट यांच्यामध्ये उभा राहतो. हे कळलं की दुसरं काही वेगळं सांगावं लागत नाही: तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी भरायचं नाही, हे ज्याचं त्यालाच सुचतं.

भाताचं कारण मात्र जुन्या हुकमांत पुरतं नव्हतं, ते आपल्याला नव्याने शिकावं लागलं. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजण्यातून वाचतात. भात पातेल्यात तसाच कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि त्यांतल्या काहींचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणजे सकाळचा भात दिवसभर ओट्यावर ठेवून रात्री फोडणीचा भात केला, तर खमंग परतल्याने तो सुरक्षित होत नाही. उरलेला भात पसरट भांड्यात मोकळा करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी आतपर्यंत वाफाळेल असा परतायचा. एवढं केलं की फोडणीचा भात, त्यावर कच्चा कांदा आणि शेजारी ताक, यासारखा नाश्ता नाही.

आता आगीकडे वळते. स्वयंपाकघरातल्या सगळ्या शहाणपणात जीव वाचवणारं शहाणपण इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसं मध्यम किंवा गंभीर भाजतात. यात बायका-मुलं किती असतील याचा विचार मनात आला की ‘पदर खोचून घे’ हा हुकूम मला आशीर्वादासारखा वाटतो. पदर गेला, ओढणी आली, सैल बाह्यांचा गाऊन आला. कारण तेच आहे: लोंबणारं कापड ज्योतीवरून जातं आणि पाठ फिरलेल्या बाईला ते उशिरा कळतं. कृत्रिम धाग्याचं कापड तर वितळून कातडीला चिकटतं. ओट्यापाशी सुती आणि अंगाबरोबर बसणारं नेसावं, घालावं. कपड्याने पेट घेतलाच तर धावायचं नाही, कारण वारा मिळून ज्वाळा वाढते. जमिनीवर आडवं होऊन लोळायचं.

गॅसचा वास आला तर दिवा-पंखा लावायचा नाही, हेही घरोघरी सांगतात. बटणात उडणारी बारीकशी ठिणगी पुरेशी असते, म्हणून. चालू असलेला दिवा बंदही करायचा नाही. सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्युटेनला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचा उग्र वासाचा पदार्थ त्यात मुद्दाम मिसळलेला असतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो खाली बसतो, जमिनीलगत पसरतो, ओट्याखालच्या कपाटात साठतो. म्हणून रेग्युलेटर बंद करून दारं सताड उघडायची, म्हणजे खालून त्याला बाहेर जायला वाट मिळते, आणि घराबाहेर जाऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवायचं. मुंबई-पुण्यात आता पुष्कळ घरांत नळाने गॅस येतो. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. तो छताकडे जातो, म्हणून तिथे मुख्य झडप बंद करून वरच्या खिडक्या, झरोके उघडणं महत्त्वाचं. हुकूम दोन्हीकडे एकच, ‘खिडकी-दार उघड’. पण कुठली वाट आधी मोकळी करायची ते कारणाने ठरतं.

कुकरचा इतिहास मोठा आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने १६७९ मध्ये लंडनमध्ये वाफेच्या दाबावर हाडंही मऊ करणारं भांडं तयार केलं, आणि दाब वाढून भांडं फुटू नये म्हणून त्याला सुरक्षा झडप बसवली. तीच कल्पना आपल्या कुकरच्या झाकणावर आहे. शिट्टीच्या वजनाखाली दाब वाढतो, पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, आणि डाळ काही मिनिटांत शिजते. डाळीला फेस येतो आणि तिचं साल नळीत अडकू शकतं. म्हणून डाळ कुकरच्या निम्म्याच्या वर भरायची नाही, वर थेंबभर तेल टाकायचं म्हणजे फेस कमी येतो, आणि झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते ना ते पाहायचं. सुरक्षा झडप त्याच कंपनीची घ्यायची. नकली झडप वेळेवर वितळेलच असं नाही. दाब असताना जोर लावून झाकण उघडलं तर आतलं १२० अंशांचं पाणी क्षणात उसळून वाफ होतं आणि समोरच्या तोंडावर येतं. वाफ जाऊ दे म्हणतात ते यासाठी.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. पाणी जड असल्याने पेटत्या तेलाखाली जातं, तिथे त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सतराशे पट जागा घेते. ती जळतं तेल घेऊन छतापर्यंत उसळते. गॅस बंद करायचा, कढई हलवायची नाही, बाजूने सरकवत झाकण घालायचं. हवा तुटली की आग विझते. तळण करताना मापाचं झाकण हाताशी असावं, आणि ओला कढीपत्ता, ओला झारा पुसून घेतल्याशिवाय तेलाजवळ नेऊ नये.

कारण विचारू लागलं की काही जुन्या गोष्टी सोडाव्याही लागतात, आणि त्या सोडताना मन घट्ट करावं लागतं. भाजल्यावर हळद, तूप, टूथपेस्ट, बर्फ लावणं ही त्यांतली एक. विस्तवापासून हात बाजूला झाला तरी कातडीत उष्णता राहते आणि आत आत भाजत जाते. ती काढून घ्यायला वाहतं, नळाचं साधं गार पाणी लागतं, आणि तेही वीस मिनिटं. तूप आणि पेस्ट उष्णता आत कोंडतात, जखमेत घाण जाते. बर्फाने कातडीला आणखी इजा होते. सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी काढायची, स्वच्छ कापडाने सैल झाकायचं, आणि भाजणं मोठं असेल, तोंडावर किंवा हातांवर असेल, तर डॉक्टरांकडे जायचं.

दुसरी गोष्ट मधाची. तान्ह्या बाळाला मधाचं बोट चाटवण्याची, मधातून गुटी देण्याची रीत आपल्याकडे फार प्रेमाने पाळली गेली. पण लसणाच्या तेलातल्या त्याच बोट्युलिनमचे बीजाणू मधातही असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते निमूट निघून जातात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यांत मात्र ते रुजून विष तयार करू शकतात. म्हणून पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध नाही, कितीही शुद्ध असला तरी. ज्या आज्या-पणज्यांनी मध चाटवला त्यांनी तो मायेने चाटवला. त्यांची माया आपण ठेवू, मधाचं बोट सोडू.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं ही निवड करायला दुसरं कुठलं साधन माझ्यापाशी नाही. सगळं जुनं ते शहाणं असं मानलं तर बाळाला मध जातो. सगळं जुनं ते अडाणी असं मानलं तर पितळेच्या भांड्यात कढी कळकते. प्रत्येक हुकमाला त्याचं कारण विचारायचं, आणि कारण खरं निघालं की तो निष्ठेने पाळायचा.

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं. त्याआधीच्या घरगुती वह्यांमध्ये ‘अंदाजे’, ‘पुरेसं’, ‘चवीप्रमाणे’ असे शब्द भरलेले असत. कमलाबाईंनी वाटी-चमच्याचं माप दिलं. त्यामुळे सासर-माहेरापासून दूर, लहान बिऱ्हाडात राहणाऱ्या मुलींना एकटीने स्वयंपाक करता येऊ लागला. अंदाज हा सोबत उभ्या असलेल्या बाईकडून मिळतो. ती नसेल तर माप लागतं, हे त्यांनी ओळखलं. आपल्या पिढीने त्यात एका रकान्याची भर घालावी, असं मला वाटतं. घरातल्या पदार्थांच्या वहीत प्रत्येक कृतीच्या शेजारी तिचं ‘का’ लिहावं. फोडणी गार का, चिंच शेवटी का, कुकर निम्मा का, दिव्याच्या बटणाला हात का लावायचा नाही. जिथे ‘का’ लिहिता येणार नाही तिथे जागा मोकळी ठेवावी आणि माहीत असणाऱ्याला विचारावं. मी माझ्या भाच्यांसाठी अशी वही लिहायला घेतली आहे. त्यांपैकी कोण लोणचं घालेल आणि कोण नुसता कुकर लावेल, कोणाच्या घरी सिलिंडर असेल आणि कोणाच्या घरी विजेची शेगडी, हे मला सांगता येणार नाही. म्हणूनच कृतींपेक्षा कारणं जास्त लिहिते आहे. कृती ज्या घरात लिहिली त्या घराची असते. कारण त्यांना ज्या घरात जावं लागेल तिथे उपयोगी पडेल.